लाउडस्पीकरवर यांचं नाव

लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा फुटबॉल पायानं खेळतात, यापलीकडे मला त्यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या वर्धेकडच्या गावात मुलं हुतूतू खेळायची. हे फॅक्टरीत फिटर होते आणि फॅक्टरीच्या टीममध्ये राखीव खेळाडू. राखीव म्हणजे काय ते मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. संध्याकाळी निळी जर्सी घालून हे मैदानावर जायचे, बाकावर बसायचे आणि जर्सी तशीच कोरडी घेऊन परत यायचे. ती धुवायलासुद्धा फार वेळ लागत नसे.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला खेळवत काहून नाहीत?"

"खेळवतील," हे म्हणाले. "कोणाचा पाय मोडला का खेळवतील."

हसत म्हणाले, पण त्या दिवशी जेवण जरा कमीच गेलं त्यांना.

बांगलादेशच्या लढाईचं ते वर्ष. लढाई अजून सुरू झाली नव्हती, पण पावसाळा संपता संपता फॅक्टरीचे भोंगे वाढले, सुट्ट्या बंद झाल्या, आणि माणसं घरी फक्त झोपायला येऊ लागली. अशाच एका दुपारी हे अवेळी घरी आले आणि ट्रंक काढायला लागले. फौजेच्या गाड्या दुरुस्त करायला फॅक्टरीतून काही माणसं पुढे पाठवत होते. त्यांत यांचं नाव होतं.

"कुठं?" मी विचारलं.

"ते आम्हालाही सांगितलं नाही. आणि हे बघ, कोणी विचारलं तर बाहेरगावी ड्यूटी आहे म्हणायचं. बस. फौजेचं काम आहे, जास्त बोलायचं नाही."

मी माहेरी जायची गोष्ट काढली. हे म्हणाले, क्वार्टर बंद ठेवलं तर कुलूप फोडतील, आणि त्यांचं पत्र आलं तर घेणार कोण? मलाही ते पटलं. मी राहिले.

क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायका नळावर भेटायच्या. बहुतेक हिंदी बोलणाऱ्या, दोन-तीन बंगाली. माझं हिंदी तेव्हा मोडकंतोडकं होतं. "भैया कहाँ गए?" कोणी विचारलं की मी म्हणायची, "ड्यूटी पर, बाहर." कुठं, कधी येणार, काहीच सांगायची नाही. मग त्या एकमेकींकडे बघायच्या. शेजारच्या दीदीनं एकदा हळूच विचारलं, "झगड़ा हुआ है क्या?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही, हे मला कळत होतं. दिवसभर बोलायला कोणी नाही. भाजीवाल्याशी जेवढं बोलणं व्हायचं तेवढंच.

थंडी पडायला लागल्यावर मैदानावर टूर्नामेंट सुरू झाली. मैदान आमच्या लाइनीच्या मागेच, रस्ता ओलांडला की. लाउडस्पीकर लागायचा आणि एक माणूस हिंदीत खेळाचं वर्णन करायचा. मी अंगणात बसून तांदूळ निवडत, मेथी खुडत ते ऐकायची. खेळ कळत नव्हता, पण माणसाचा आवाज ऐकू यायचा.

एका संध्याकाळी त्या आवाजानं यांचं नाव घेतलं.

आधी वाटलं, भास झाला. मग पुन्हा आलं. आडनावासकट. "गेंद अब इनके पास, आगे बढ़ते हुए," आणि पुन्हा नाव. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर मी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि हे गेल्यापासून दुसऱ्या कोणी माझ्यासमोर घेतलं नव्हतं. एवढ्या मोठ्यानं तर कधीच नाही.

मला एकच सुचलं. हे परत आलेत, स्टेशनवरून सरळ मैदानावर गेलेत. त्यांचा स्वभाव तसाच होता. मला राग आला, आणि आनंदही झाला. मी दोघांपुरता भात टाकला, स्टोव्ह बारीक केला, शाल घेतली आणि निघाले.

एरवी बायका मैदानावर जात नसत. कडेला कुंपणाजवळ एक कडुनिंब होता, त्याच्याआड उभी राहिले. निळ्या जर्सीतले सगळे लांबून सारखेच दिसत होते. मी उंच, काटकुळा माणूस शोधत होते, जरा वाकून चालणारा. सापडेना. बाकावर बघितलं, तिथंही नाही. तेवढ्यात लाउडस्पीकरवर पुन्हा नाव आलं, आणि एक ठेंगणा, भरदार मांड्यांचा मुलगा बॉल घेऊन पळत सुटला. समोरच्या दोघांना चुकवून त्यानं डाव्या पायानं गोल मारला. सगळं मैदान उठून यांच्या नावानं ओरडायला लागलं. त्या मुलानं हात वर केला आणि लोकांकडे बघून हसला.

मी तिथंच उभी राहिले. फॅक्टरीत यांच्याच शॉपमध्ये काम करणारा एकजण, लग्नाला आलेला, मला बघून जवळ आला. म्हणाला, "भाभीजी, आप घर जाइए. बाद में सब समझा देंगे."

समजवायला कोणी आलं नाही. मी घरी आले तर भात खाली लागला होता. दोघांचा भात मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाल्ला.

हळूहळू माझं मलाच कळलं. मुख्य खेळाडूचा गुडघा गेला होता. टूर्नामेंटचा नियम असा की फक्त फॅक्टरीचा नोकर खेळू शकतो, आणि नावं आधीच दिलेली असतात. यांचं नाव त्यांत होतं, माणूस मात्र इथं नव्हता. टीमच्या सेक्रेटरीनं बंगालकडून एक खेळाडू आणला आणि यांच्या नावावर उभा केला. राखीव खेळाडूचा चेहरा लोकांना कुठं ठाऊक असतो?

त्या मुलाच्या पायांवर टीम फायनलला गेली आणि फायनलही जिंकली. मिरवणूक आमच्या लाइनीतून निघाली. ढोल, गुलाल, आणि यांच्या नावाचा जयजयकार थेट माझ्या दारासमोर. शेजारची दीदी लाडू घेऊन आली.

"भैया आ गए और हमसे छुपा रही हो?"

"नहीं आए, दीदी."

"अच्छा? पूरा मैदान चिल्ला रहा है, और तुम कहती हो नहीं आए." तिनं लाडू ओट्यावर ठेवले आणि गेली. तिला वाटलं, मी तिला परकी समजते. खरं काय ते सांगितलं असतं तर ड्यूटी कुठली तेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं नव्हतं.

दोन-चार दिवसांतच हरलेल्या टीमनं तक्रार केली. तीही इथलीच, दुसऱ्या एका फॅक्टरीची. म्हणे, तुमचा तो खेळाडू तुमचा नाहीच, खोट्या नावानं खेळला. आमच्याकडे सगळे खवळले. नळावर, चहाच्या टपरीवर, रांझीच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. हरले म्हणून रडतात. ते स्वतः दरवर्षी बाहेरचे आणतात. आपली टीम असं करूच शकत नाही. ज्यांना खरं ठाऊक होतं ते सगळ्यांत मोठ्यानं बोलायचे. बाकीचे मनापासून बोलायचे, आणि बहुतेक बाकीचेच होते.

तो मुलगा तोवर गाडीत बसून आपल्या गावी गेला होता. फौजेच्या कामावर कोण गेलं आहे, हे फॅक्टरीचं ऑफिस कोणाला सांगेना. म्हणून टूर्नामेंटच्या साहेबांनी ठरवलं की बायकोलाच विचारायचं.

मग माझ्या घरी माणसं यायला लागली. इतके दिवस दार वाजलं नव्हतं, आता रोज वाजायचं. यांच्या शॉपमधले तिघं आले, ओट्यावर अदबीनं बसले, आत यायला तयार नाहीत. "भाभीजी, बस इतना कह दीजिए कि छुट्टी पर आए थे. टीम की इज़्ज़त का सवाल है." दीदी भाजी घेऊन आली. "हाँ बोल देना, तेरा क्या जाता है?" मी मान खाली घालून ऐकत राहायची. सगळे गोड बोलत होते. घर भरल्यासारखं वाटायचं, ते गेले की जास्तच मोकळं.

एक दिवस काका आले. दुसऱ्या सेक्शनचे फोरमन, मूळचे आमच्याकडचेच. बायको वारलेली, मुली नागपुरात दिलेल्या. टीमचा एक सामना त्यांनी चुकवला नव्हता. गोलच्या मागे मफलर गुंडाळून उभे असायचे. आमच्या लग्नानंतर मला लुगडं त्यांनीच दिलं होतं, सासऱ्याच्या नात्यानं.

खुर्चीवर बसून ते म्हणाले, "पोरी, मी सगळ्यांना ठणकावून आलो. म्हटलं, तो पोरगा आपल्या वर्धेकडचा आहे, त्याच्या घरी जाऊन विचारतो, मग तर झालं? आता एवढंच सांग, तो रजेवर आला होता ना?"

माझ्या लक्षात आलं की ते मला खोटं शिकवायला आले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. यांना जवळून त्यांनी एकदोनदाच पाहिलं होतं, तेही लग्नाच्या गडबडीत, आणि गोलच्या मागून बाकावरचे चेहरे कुठं दिसतात.

मी चहा ठेवला. विचारलं, "काका, तुम्ही त्यांना खेळताना पाहिलं. कसे दिसत होते?"

"अरे, काय पोरगा आहे. ठेंगणा, पण डावा पाय काय जबरदस्त. मी त्याच दिवशी म्हटलं, याला इतके दिवस बाकावर काहून बसवून ठेवलं?"

मी भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. फोटोत मी यांच्या खांद्याखाली येते. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला.

"फोटोत माणूस वेगळा दिसतो," ते म्हणाले.

मी चहाचा कप पुढे केला. चहा त्यांनी पूर्ण प्यायला. उठताना फोटो स्वतःच खिळ्याला लावला, सरळ केला. दारात थांबून म्हणाले, "उद्या साहेब लोक येतील. तुला जे सांगायचं ते सांग."

दुसऱ्या दिवशी दोन साहेब आले, बरोबर टीमचा सेक्रेटरी. गल्लीत लोक उभे होते, गडीमाणसं, बायका, सगळे. एका साहेबानं विचारलं, "पति का नाम?"

मी पदर डोक्यावर ओढला. सेक्रेटरी म्हणाला, "इनमें नाम नहीं लेते, सर." साहेब म्हणाले, "लेना पड़ेगा."

मी नाव घेतलं. स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही.

"टूर्नामेंट के समय वे घर आए थे?"

"नहीं."

"एक दिन के लिए भी?"

"नहीं आए."

मी काही मोठी सत्यवादी नव्हे. भाजीवाल्याशी, सासूशी मी हवं तेव्हा खोटं बोललेय. पण हे घरी आले होते, असं त्या दिवशी माझ्या तोंडून निघेना. कित्येक रात्री मी उशाशी कंदील ठेवून झोपत होते. ते आले असते तर मला कळलं नसतं का?

फायनलचा कप टीमला परत करावा लागला. कोणी मला शिवी दिली नाही, दारावर दगड मारला नाही. नळावर मी गेले की बायका आपल्या बादल्या बाजूला करायच्या आणि म्हणायच्या, "आप भर लीजिए." आधी 'तुम' म्हणायच्या. माझी बादली लवकर भरावी आणि मी लवकर निघावं, एवढंच. आधी नंबरासाठी भांडायच्या त्यापेक्षा हे फार जड जायचं.

थोड्याच दिवसांत लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, दिवेलागणीनंतर सगळी लाइन अंधारात. भिंतीपलीकडे दीदीचा रेडिओ चालायचा, सगळे तिच्याकडे बातम्या ऐकायला जमायचे. मी भिंतीला कान लावून ऐकायची. मला कोणी बोलावलं नाही, आणि मला जायचा धीर झाला नाही.

काका मात्र अधूनमधून सायकलवरून यायचे. उतरायचे नाहीत. एक पाय ओट्याला टेकून विचारायचे, "पत्र आलं का?" मी हो किंवा नाही म्हणायची. "बरं," म्हणून ते निघायचे. फुटबॉलचा शब्द त्यांनी पुन्हा माझ्यापाशी काढला नाही. बाहेर मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले म्हणे, की निकाल चुकीचा होता.

हे परत आले तेव्हा उन्हं तापायला लागली होती. वाळले होते, दाढी वाढलेली, हाताला भाजल्याचा डाग. आंघोळ झाली, जेवण झालं, मग मी सगळं सांगितलं. 

"किती गोल मारले म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत. फायनलमध्ये एक, असं म्हणून राहिले होते सगळे."

हे हसले. लग्नानंतर मी त्यांना इतकं खूश फार कमी वेळा पाहिलं होतं. मग म्हणाले, "तू हो म्हणून टाकायचं होतं."

"तुम्ही आले नव्हते."

"ते मला माहीत आहे. पण कोणाला काय फरक पडला असता?"

मी ताट उचलून मोरीत नेलं. लढाई चालू असताना भिंतीला कान लावून बसायची, त्या सगळ्या संध्याकाळी मी यांनाच ही गोष्ट मनातल्या मनात सांगत आले होते. हे ऐकून म्हणतील, बरं केलंस, एवढं मी धरूनच चालले होते.

टीमनं पुढच्या वर्षी यांना घेतलं नाही. यांनी मला कधी दोष दिला नाही, मीही पुन्हा विषय काढला नाही. पुढे रिटायरमेंटच्या समारंभात कोणीतरी भाषणात यांच्या त्या गोलाची आठवण सांगितली. यांनी हात जोडून मान लववली.

हे परत आले त्याच उन्हाळ्यात क्वार्टर बदलून मिळालं होतं, फॅक्टरीच्या दुसऱ्या टोकाला. तिथून मैदान ऐकू यायचं नाही. शेजारी एक तमिळ कुटुंब होतं. त्या बाईला हिंदी येत नव्हतं, मराठीचा तर प्रश्नच नाही, आणि फुटबॉलशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी ऊन उतरलं की ती तिच्या पायरीवर यायची, मी माझ्या. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, मी माझ्या भाषेत. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच बसायचो.