दुसरा कागद

पालीच्या धरणाची भिंत दिसली की माझा हात आजही आपोआप घड्याळाकडे जातो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण त्या गुरुवारची संध्याकाळ काही विसरता येत नाही.

बीडमध्ये नेट कॅफे नुकते सुरू झाले होते तेव्हाची गोष्ट. शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बुधवारी सकाळी हजेरी चालू असतानाच एक कापड दुकानदार आले. इंजिनिअरिंगला असलेला त्यांचा वीस वर्षांचा मुलगा मंगळवार दुपारपासून बेपत्ता होता. नातेवाइकांकडे फोन करून झाले होते. मिसिंगची नोंद केली. सही करताना गृहस्थ एवढेच म्हणाले, "साहेब, त्याची आई कालपासून जेवली न्हाई."

तासाभरात आमचा खबऱ्या आला. बसस्टँडजवळ त्याचा फळांचा गाडा असे.

"त्ये पोरगं रोज समोरच्या कॅफेत गेम खेळतंय," तो म्हणाला. "सोमवारी एका गॅरेजवाल्यासंग त्याचं वाजलं. 'उद्या तुला जित्ता सोडत न्हाई' म्हणला त्यो. माझ्या कानानं ऐकलं."

आम्ही कॅफे गाठला. गेममध्ये खेळणारे एकमेकांना लिहीत, ते मालकाने छापून दिले. दोन कागद निघाले. पहिल्यावर सोमवारची बोलाचाली होती आणि त्या गॅरेजातल्या मेकॅनिकच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांत स्वच्छ लिहिले होते, 'उद्या तुला संपवतो.' दुसरा मंगळवारी दुपारचा, बेपत्ता मुलाने मेकॅनिकला लिहिलेला. त्यावर नुसती आकड्यांची आणि चिन्हांची खिचडी होती. मालक म्हणाला, मशीन बिघडले असेल. मेकॅनिकला तासाभरात उचलले.

चोविशीतला तरुण होता, हाताला ऑइल तसेच. मी पहिला कागद पुढे टाकला.

"मारलंस का त्याला?"

"मारलं साहेब. सोमवारी पाच येळा मारलं."

हवालदाराचे पेन थांबले.

"आन् त्यानं मला सात येळा. गेममधी साहेब. पुन्हा जित्तं होतंय माणूस."

मला वाटले, हा माझी थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडात लगावली. ओठ फुटला. तरी तो एकच धोशा लावून बसला, "काल एका जीपचं इंजिन खोललं होतं, कॅफेत गेलोच न्हाई. त्यो मला सांगितल्याबिगर कुटं जात न्हाई साहेब. काय तरी लिहून ठिवलं आसंल. एकडाव मला कॅफेत न्या."

पळून जायचा बहाणा, असे मी मनाशी ठरवून टाकले. आरोपीला हातातले सगळे कागद दाखवायचे नाहीत, ही आमची शिकवण. म्हणून दुसरा कागद मी फाइलमध्येच ठेवला. त्याला ठाण्यातच बसवून ठेवले आणि स्टेशन डायरीत नोंदही केली नाही. चूक होती, ती आज लपवत नाही. त्याची अम्मी डबा घेऊन व्हरांड्यात बसून होती.

गुरुवारी तो कागद घेऊन मी गणिताच्या एका प्राध्यापकांकडे गेलो, मग मटक्याच्या जुन्या बुकीलाही दाखवला. दोघांनीही हात टेकले. दुपारी उशिरा परत आलो तर मेकॅनिकचे तेच पालुपद. वैतागून मी तो कागद त्याच्यापुढे आपटला.

त्याने पेपर वाचावा तसा तो भराभर वाचला. चेहरा पांढरा पडला. मान वर करून त्याने विचारले, "किती वाजले साहेब?"

पाच वाजून गेले होते.

गेम खेळणारी पोरे ए ऐवजी चार लिहीत, ई ऐवजी तीन, एस ऐवजी डॉलरची खूण. मोठ्यांना कळू नये म्हणून. भाषा मात्र आपलीच होती. त्याने वाचून दाखवले, "निकाल लागला. सगळे विषय गेले. घरी तोंड दाखवायचं न्हाई. पालीला धरणाच्या खाली ती पाण्याच्या मोटारीची बंद पडलेली खोली हाय, तिथं हाय. गुरुवारी दिवस मावळेपर्यंत वाट बघतो. आलास तर ठीक. न्हाई तर आपला डाव संपला."

ज्याची तो वाट बघत होता, त्याला मीच दोन दिवस कोंडले होते.

मेकॅनिकला सोबत घेऊन जीप काढली. रस्ता दहा-बारा किलोमीटरचाच, पण संपता संपेना. खोली रिकामी होती. वर धरणाच्या भिंतीवर, पाण्याकडे पाय सोडून कुणी तरी बसलेले दिसले. सूर्य टेकला होता. मी धावणार तोच मेकॅनिकने माझा हात धरला.

"तुमी थांबा साहेब. वर्दी बघितली तर उडी घेईल त्यो."

तो एकटाच चालत गेला, सावकाश. शेजारी जाऊन बसला. मी खाली उभा होतो. इतका असहाय मी नोकरीत कधी झालो नाही. बऱ्याच वेळाने दोघे उठले आणि उतरून आले.

मुलाचे डोळे सुजले होते. जीपजवळ येईपर्यंत तो मित्रालाच बोलत होता. "दोन दिस वाट बघितली बे. कावून न्हाई आला?"

मेकॅनिकने एकदा माझ्याकडे पाहिले.

"जीप खोलून पडलीती बे. मालक सोडंना."

"आन् ओठाला काय झालं?"

"जॅकचा दांडा लागला."

मी मान खाली घातली.

मुलाला वडिलांच्या हवाली केले. त्यानंतर चौकशीला आणलेल्या माणसाला मी आधी त्याचे म्हणणे पुरते विचारू लागलो, आणि डायरीत नोंद केल्याशिवाय कुणाला बसवून ठेवले नाही. या प्रकरणाने मला एवढे शिकवले. संशयितच आपला एकमेव साक्षीदार असू शकतो, हे त्याआधी माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते.

बदली होईपर्यंत माझी मोटारसायकल त्याच्याच गॅरेजात जायची. त्याने तो विषय कधी काढला नाही. माफी मागायची म्हणून मी तीन-चारदा गेलो आणि दरवेळी ऑइल बदलून परत आलो.