किती मजुरी दिली तर याल?
कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या धुराचा वास आला की मला ती दुपार आठवते. होळी जवळ आली होती आणि बोरी अरब गावाच्या बाजूला शेतात काम उरले नव्हते. आमच्या ओसरीत तिघेच होतो: शहरातून आलेली संशोधक मुलगी, शेजारची विधवा आणि मी. किती मजुरीला किती बाया कामावर येतील, याचा अंदाज त्या मुलीला बांधायचा होता. “किती मिळाले तर याल?” तिने विचारले. “अडीचशे,” शेजारीण म्हणाली. मुलीचा पेन जरा थांबला, तशी शेजारीण घाबरली. “बरं, दोनशे. बाकीच्यायले सांगू नोका बाई, दीडशेत येतो मी.” मी म्हणालो, “वैनी, काम नाही हो, ते नुसती इचारून राह्यली.” “तुमी मधात बोलू नोका भाऊजी! माह्यं काम तोडता काय?” मुलीने दीडशे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण भाकर बांधून आमच्या फाटकाशी उभी. “गाडी कवा येते?” मी पुन्हा समजावले, तरी ऊन चढेपर्यंत ती हलली नाही. आज हिशेब लावतो तेव्हा एवढेच निघते की त्या अंदाजात दीडशेला राजी असलेली एक बाई वाढली, आणि तिला उत्तरांचा मोबदला म्हणून अंगाच्या साबणाची एक वडी मिळाली.