नाकाविना फेरी

मोहोपाड्याच्या एका कारखान्यात जगदीशला नावानं हाक मारणारे थोडेच. बाकी सगळे त्याला 'नाक' म्हणत. "नाक कुठं हाय?" असं कुणी विचारलं की रिअॅक्टरच्या मजल्याकडे बोट जायचं.

हे नाव त्यानं कमावलं होतं. भिंतीवरचं गळती ओळखणारं यंत्र ओरडायच्या आधी तो जिन्यातच थांबायचा, मान जराशी वर करायचा आणि म्हणायचा, "तीन नंबरचा पंप बघा रं." तिथं खरोखर एखादा थेंब लोंबत असायचा.

गाव आमचंच, खालापूर तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. घरची भातखाचरं चार. दहावीनंतर त्यानं आयटीआयला केमिकल प्लांटचा कोर्स केला आणि तरीही सात वर्षं ठेकेदाराकडे ड्रम ढकलले. ड्रम ढकलता ढकलता कुठला नळ कुठून कुठं जातो ते तो पाठ करत राहिला. मग कायम झाला. आता बत्तीस हजार हातात येतात, रात्रपाळीचा भत्ता वेगळा, आणि घशातली वाफ-धूळ उतरावी म्हणून पाळीला गुळाचा खडा.

ऑपरेटरचं काम लांबून पाहणाऱ्याला काहीच वाटत नाही. माणूस नुसता उभा दिसतो. पण तो आठ तास घरापेक्षा उंच अशा एका लोखंडी हंड्याची, म्हणजे रिअॅक्टरची, राखण करत असतो. माल आत सोडायचा तो धीरानं, वाफ द्यायची ती धीरानं. काटा चढू लागला की थंड पाणी फिरवायचं. दर अर्ध्या तासाला तापमान, दाब वाचून लॉगशीटवर लिहायचं, आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. मधे मधे खालपासून वरपर्यंत फेरी मारायची.

पाळी बदलायची तिथली रीत मला फार आवडते. ती खोलीत बसून होत नाही, रिअॅक्टरसमोर उभ्यानं होते. जाणारा सगळं सांगतो. येणारा स्वतः एक फेरी मारून येतो आणि मग म्हणतो, "घेतली." तो शब्द कानावर पडेपर्यंत जाणाऱ्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढायचं नाही, मग बाहेर कंपनीची बस का उभी असेना.

करोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात जगदीशला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

पहिल्यांदा कळलं ते त्याच्या बायकोला, भाग्यश्रीला. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती आणि हा चुलीपासून हातभर लांब विळ्याला धार लावत बसला होता. पातेल्यातलं दूध करपून काळं झालं, तिला परसातून कळलं, याला नाही.

"अवो, एवढी करपट घाण सुटलीय, नि तुमी धार लावत बसलाव?"

तिनं लसूण ठेचून त्याच्या नाकाशी धरला. त्यानं खोल श्वास ओढला आणि नकारार्थी मान हलवली.

"कंपनीत सांगितलंव?"

"येईल परत. डॉक्टर बोलले."

"ते नाय इचारलं मी."

कसं सांगणार? सांगितलं तर गोदामात टाकतील, ड्रमवर चिकटपट्ट्या लावायला. पगार कदाचित तोच राहील, पण तो मजला जाईल. ज्याला गाव आणि कारखाना नाक म्हणून ओळखतो त्यानं नाक गेल्याचं सांगायचं? तीन आठवडे तो तसाच कामावर गेला.

मग तो दिवस आला. दुपारी तीनची पाळी. संतोष घ्यायला आला, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. जगदीश म्हणाला, "बॅच साठ डिग्रीवर हाय, सगळं ठीक." संतोष फेरीला गेला आणि चार पावलांवरून ओरडला, "अरं दादा!" पंप बंद करून, झडप फिरवून तो धावत परत आला. थिनरसारख्या उग्र वासाचं टोल्युइन गळत होतं. पंपाखाली ताटाएवढं डबकं झालं होतं, भिंतीवरचं यंत्र अजून ओरडलं नव्हतं. एक ठिणगी पुरली असती.

संतोष त्याच्याकडे पाहत राहिला आणि एकदम हसला. "परीक्षा घेतोस व्हय रं माझी? नाकाला आणि वास येनार नाय? पास झालो का सांग!"

बाजूचे दोघेही हसले. जगदीशच्या पुढ्यात आयती पळवाट येऊन पडली होती. आणि तो हसला. "पास," म्हणाला.

संतोष म्हणाला, "घेतली."

त्या दिवशी त्यानं बस सोडून दिली. पाताळगंगेच्या पुलापर्यंत पायी आला. जे पोर आपण शिकवलं, त्याच्या जिवाशी आपण खोटं बोललो. पुलावरच त्यानं ठरवलं, आणि एकदा ठरवलं की हा माणूस बैलजोडीनंही मागं ओढला जायचा नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना त्यानं रजिस्टर उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मला तीन आठवडे वास येत नाही. कालची गळती मला कळली नाही. परीक्षा नव्हती.' खाली सही केली आणि वही संतोषच्या हातात दिली.

संतोषनं वाचलं. त्या दिवशी तो "घेतली" म्हणाला, पण जगदीशकडे न बघता.

पाळीप्रमुख अनुपम साहेब कर्जतचे, सौम्य माणूस. पण त्या दिवशी वही वाचून त्यांचा आवाज चढला. "तीन आठवडे, जगदीश! वास जाणं तुमचा दोष नाही. लपवणं आहे."

"व्हय साहेब."

"उद्यापासून गोदाम."

"जातो. पण मला नाकाविना फेरी बसवू द्या. मग तुमीच तपासा. नाय जमली तर परत तोंड उघडणार नाय."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

दोन महिने तो गोदामात पट्ट्या लावत होता. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत भाकरी संपवून, साहेबांची परवानगी घेऊन मजल्यावर जायचा. त्यानं नळांचे सगळे जोड मोजले, एकशे अठरा भरले. कुठला जोड नुसता डोळ्यांनी बघायचा, कुठे साबणाचं पाणी लावायचं, कुठल्या पंपाला लोखंडी सळई टेकवून कान लावायचा, ते एकेक ठरवलं. छातीवर अडकवायचं वास ओळखणारं यंत्र मागून घेतलं. वीस मिनिटांची फेरी पन्नास मिनिटांची झाली. पोरं म्हणायची, "नाक, आता कान झालास काय रं?" तो म्हणायचा, "कान बी हाय, हात बी हाय. तू फक्त तोंडच घेऊन आलास."

भादव्यात कारखाना दुरुस्तीला बंद झाला. सुरू करण्याआधी सगळ्या नळांत नायट्रोजन भरून गळती शोधतात. साहेबांनी तीच वेळ धरली. एक जोड मुद्दाम किंचित सैल केला आणि संतोषला व जगदीशला वेगवेगळं पाठवलं.

संतोष अर्ध्या तासात परतला. "काय नाय साहेब."

नायट्रोजनला वास नसतो. त्या दिवशी कारखान्यातलं प्रत्येक नाक जगदीशच्या नाकाएवढंच होतं.

जगदीशला तास लागला. साबणाची बादली खाली ठेवून तो म्हणाला, "वरच्या मजल्यावर चौऱ्याहत्तर नंबरचा जोड. बुडबुडा येतो. आणि एकशे दोन."

"एकशे दोन?" साहेब म्हणाले. "मी एकच सैल केला होता."

सगळे जिने चढून गेले. एकशे दोनवर साबणाचा बारीक फुगा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता.

जगदीश मजल्यावर परतला, साहेबांच्या दोन अटींवर. छातीवरचं यंत्र उतरवायचं नाही, आणि त्याची एकशे अठरा जोडांची फेरी सगळ्यांनी मारायची. तिसरी अट त्यानं स्वतःच घातली. रजिस्टरमध्ये एक रकाना वाढला, 'वास'. तो दुसऱ्यानं भरायचा.

वास अजून आलेला नाही. गुळाचा खडा नुसता गोड लागतो.

परवा मी गेटवर त्याची वाट पाहत होतो. बस भोंगा देत होती. आत काय झालं ते त्यानंच नंतर सांगितलं. पाळी द्यायला त्यानं रजिस्टर पुढं केलं. संतोष पुरी फेरी मारून आला, सगळ्यांत शेवटी पंपापाशी थांबून खोल श्वास घेतला आणि रकान्यात लिहिलं.

"वास नाय, दादा," तो म्हणाला. "घेतली."

तेव्हा जगदीशनं हेल्मेट काढलं.