दत्तोबाच्या खळ्याखालची तार

वीज कुठून कुठून जाऊ शकते, हे मला बावड्याच्या छबूबाईनं शिकवलं. मी वायरमन, पगार घेऊन खांबावर चढणारा. ती मोटेच्या पाण्यावर वांगी-घेवडा पिकवणारी विधवा, अक्षराची ओळख नाही. हसायचं तर हसा.

सत्तावन्न साल. रस्त्यापर्यंत खांब आले होते आणि छबूबाईनं विहिरीवर बसवायला विजेचा पंप घेतला होता. पण रस्ता आणि तिची विहीर यांच्यामध्ये धाकट्या दिराचं, दत्तोबाचं रान, आणि नेमकं वाटेत त्याचं खळं. खळ्यावरून तार गेली की राशीची बरकत जाते, असं त्याचं म्हणणं. "खळ्यात खांब एकच, तिवडा. मळणीला त्याच्याभवती बैल फिरत्यात. तुमच्या खांबाभवती कोण फिरणार?" एवढं मला सुनावून तो चालता झाला. भावजयीशी तर वाटणीपासून त्याचं बोलणंच बंद होतं.

इकडे तिचा एक बैल मेलेला. मोट बंद, वांग्यांनी माना टाकलेल्या. आठवड्यात पाणी मिळालं नाही तर सगळं रान गेलं असतं.

मी चिडलो. म्हटलं, "साहेबाचा हुकूम आणतो. पोलीस उभा करून खांब रोवू."

"हुकमानं खांब यील, रमाकांतराव. दीर जाईल."

आता काय करावं या बाईला? मी विहिरीवर बसून भाकरी सोडली. भाकरी गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात एक बातमी होती, ती तिला वाचून दाखवली. स्वीडन देशानं समुद्राच्या तळाशी तार टाकून साठ मैलांवरच्या बेटाला वीज दिली होती. आता इंग्लंड आणि फ्रान्सही समुद्राखालून एकमेकांना वीज देणार होते. वाचता वाचता माझाच घास हातात राहिला. बारामतीहून पुण्याएवढं अंतर, आणि वर सगळं खारं पाणी! शिवाय बेटाकडे तार एकच. विजेची परतीची वाट समुद्राच्या पाण्यातूनच.

छबूबाईनं विहिरीवर पडलेले मोटेचे दोर चाचपले. मग म्हणाली, "मोटंला दोन दोर लागत्यात. तितं दुसरा दोर दर्याच झाला म्हणायचा." आणि लगेच, "दर्याखालनं जाती, तर खळ्याखालनं का न्हाय?"

"ओल्या मातीतनं वीज? खुळ्या का काय तुम्ही," म्हणून मी हसलो. बारामतीला साहेबालाही हसत हसतच सांगितलं. साहेब हसला नाही. शहरात जाड वेष्टनाच्या तारा जमिनीत पुरतातच, म्हणाला. माझं तोंड बघण्यासारखं झालं.

वरून काही जाणार नाही म्हटल्यावर दत्तोबानं नुसती होकाराची मान डोलावली. चर खणला, तार पुरली. उकरलेलं खळं छबूबाईनं स्वतः चोपून शेणानं सारवलं, पहिल्यापेक्षा गुळगुळीत.

सहाव्या दिवशी मी बटण दाबलं. पंप घुरघुरला आणि मनगटाएवढी धार पाटात पडली. दत्तोबा वहाणा काढून खळ्यात उभा होता. वाकून त्यानं जमिनीला तळहात लावला. खाली वीज धावत होती आणि वर शेण गारच होतं. तो उठला, वहाणा हातात घेतल्या. मग पाटापाशी आला.

"वैनी," तो म्हणाला. तीन वर्षांनी. "माझा घेवडाबी सुकलाय. पाट माझ्या बांधाशी आला तर आडवू नगा."

छबूबाई पाणी वळवून वाफ्याला बारं देत होती. मान वर न करता म्हणाली, "आडवायचं आसतं, भावजी, तर तार वरनं नेली आसती."