बिनवायरचं टेबल

९ मे. आजचं काम: माझा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडणे, वायर न लावता.

माझ्या वहीत हे काम त्याआधीचे आठ दिवस रोज पहिल्या ओळीवर होतं आणि रोज अर्धवट राहत होतं. मी नांदेडला एका खासगी बियाणे तपासणी प्रयोगशाळेत काम करते. बावीस वर्षं झाली. पेरणीच्या आधी शेतकरी घरचं सोयाबीन घेऊन येतात, आम्ही शंभर-शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो आणि आठव्या दिवशी किती उगवले ते मोजून देतो. मोजणी माझी, अहवालावरची सही दुसऱ्याची. बावीस वर्षं असंच चाललं होतं.

त्या उन्हाळ्यात मालकांनी लातूरला दुसरी प्रयोगशाळा काढायचं ठरवलं. तिथल्या प्रमुखाची सही अहवालावर राहणार होती. ती जागा मला हवी होती. मी तसं तोंडावर सांगितलं होतं, आडून आडून नाही. घरीही सांगून झालं होतं. नवरा म्हणाला, "मी शनिवारी येत जाईन, भांडी तू घासायची." तेवढ्यावर आमचं ठरलं.

मालकांची अट एकच होती. लातूरला सगळं काम पडद्यावर चालणार, वह्या बंद. जो माणूस हे नवं यंत्र नांदेडला नीट चालवून दाखवेल तो लातूरला जाईल. माझ्यासोबत नाव होतं आमच्या कॉम्प्युटर बघणाऱ्या सरांचं. सर वयानं माझ्याएवढेच, हुशार, फक्त सोयाबीनचा दाणा आणि हरभऱ्याचा दाणा याच्यापुढं त्यांचं बियाण्याचं ज्ञान जात नव्हतं.

यंत्र म्हणजे बिनवायरचा डॉक. काळी चपटी पेटी, पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढी. पडद्याची आणि प्रिंटरची वायर त्या पेटीत जाते, लॅपटॉप मात्र मोकळा राहतो. त्याचं आणि पेटीचं बोलणं हवेतून होतं. हे आम्ही हौसेनं आणलं नव्हतं. बियाण्याच्या जागेत उंदीर असणारच. आमच्या टेबलाखालच्या वायरी त्यांनी वर्षभरात तीन वेळा कुरतडल्या होत्या. टेबलावर वायरच नको, म्हणून हा खर्च.

पेटी बसवली त्या दिवशी झटकन लागली. पडद्यावर माझे तक्ते आले, मालकांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मनात येईल तेव्हा लागायची. लॅपटॉपवर पेटीचं नाव दिसायचं, मी दाबायचे, गोल चक्र फिरायचं, फिरतच राहायचं, आणि मग जोडणी झाली नाही असं लिहून यायचं. मधेच एखाद्या वेळी लागायची, की मी खूश. थोड्या वेळात पुन्हा गायब.

सुचलं ते सगळं मी केलं. दोन्ही बंद करून चालू केलं. जुनी ओळख पुसून नव्यानं जोडलं. खोलीतल्या सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. कूलर बंद करून पाहिला, तेव्हा चाळीसच्या वर ऊन होतं आणि सगळ्यांनी मला मनात काय म्हटलं असेल ते मला माहीत आहे. सरांनी तीनदा ड्रायव्हर, म्हणजे पेटीचं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला. आणि ९ तारखेला सकाळी साडेदहाला त्यांनी स्वतःचा लॅपटॉप माझ्याच टेबलावर ठेवला, बटण दाबलं, आणि पडदा लागला.

"बघा मॅडम," सर म्हणाले, "पेटी चांगली आहे."

म्हणजे दोष माझा किंवा माझ्या लॅपटॉपचा.

दुपारी चार वाजता मालक यायचे होते. मी खोली आवरून घेतली, टेबल पुसलं, मावशींना सांगून बियाण्याचं लोखंडी कपाट नीट लावून घेतलं. मावशी म्हणजे आमच्याकडं नमुने काढणं-ठेवणं बघणाऱ्या, लोहा गावाकडच्या. त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मालक आले, खुर्चीत बसले. मी बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं.

"नुसतं फिरूनच राहिलंय की," मालक म्हणाले.

"थोडं थांबा."

"किती थांबू? हे लातूरला शेतकऱ्यासमोर असंच फिरलं तर तो उठून जाईल." त्यांनी सरांकडं पाहिलं. "तुमच्याकडून लागलं होतं ना?"

"सकाळी एका झटक्यात, मालक. मॅडमच्या लॅपटॉपचं काहीतरी... म्हणजे वापरायची एक सवय लागते."

मालक वाईट माणूस नाहीत. ते माझ्याकडं वळून समजावणीच्या आवाजात म्हणाले, "ताई, दाणे मोजण्यात तुमचा हात धरणारा न्हाई कुणी. पण या वयात मशीनसोबत फुकट झगडा कशाला? सरांना जाऊ द्या लातूरला. उद्या दहाला सगळ्यांना सांगून टाकतो."

"तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे आहात, मालक. तुम्ही तर रोज मोबाइलवर बाजारभाव बघता."

"ते येगळं."

"उद्या दहाला सांगणार ना? मग त्याच्या आधी कुणाला सांगू नका."

ते 'हाव, बरं' म्हणाले आणि गेले. सर मागं राहिले.

"द्या इकडं, मॅडम. फॉरमॅट मारतो. सगळं पुसून कोरा करून देतो."

"त्यात दोन हंगामांचे तक्ते आहेत."

"बॅकअप घेतो की आधी."

"गेल्या वर्षी घेतला होता तसा?"

सर पाणी प्यायला गेले ते परत आलेच नाहीत.

मी बसून राहिले. राग आलेला होता, पण राग आला की माझं डोकं बरं चालतं. उगवणीच्या कामात एक शिस्त असते. दाणे उगवले नाहीत तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाणी किंवा कागद किंवा खोलीची थंडी, आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं. डॉकचंही मी तसंच लिहून ठेवलं होतं. आठ दिवसांत एकतीस वेळा प्रयत्न, वेळ, काय बदललं, लागला की नाही. सर त्या वहीला हसायचे. मी नऊ यशांभोवती गोल काढले. बहुतेक सगळे सकाळी दहा ते अकरा आणि दुपारी तीनच्या आसपास.

दहाला आणि तीनला काय होतं? वीज जात-येत होती ती कधीही. कूलर दिवसभर. मी मावशींना हाक मारली.

"मावशी, सकाळी दहाला या खोलीत कोण कोण येतं?"

"कोन येतंय? म्याच. नमुने काढाया. आन तीनला ठेवाया."

कपाटाची किल्ली उघडली-लावली की आम्ही रजिस्टरमध्ये वेळ लिहितो. नमुन्यांची अदलाबदल झाली म्हणून कुणी बोट दाखवू नये, यासाठीचा जुना नियम. मी किल्लीचं रजिस्टर आणलं आणि माझ्या वहीशेजारी ठेवलं. एका बोटानं हे, एका बोटानं ते. कपाट उघडलं दहा वाजून दहा मिनिटांनी, डॉक लागला दहा वीसला. कपाट लावलं अकराला, डॉक गेला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आज सकाळी सरांचा लॅपटॉप लागला तेव्हाही कपाट उघडं होतं.

आठ यशं बसली. एक बसेना. मंगळवारी सव्वापाचला डॉक लागला होता आणि रजिस्टरप्रमाणं कपाट बंद होतं. मी मावशींना विचारलं. त्यांनी पदर सारखा केला.

"मॅडम, रागावू नका."

"बोला."

"माझा डबा ठिवते त्यात. उंदरामुळं. त्या दिशी घ्यायचा राहिला व्हता, मग उघडलं जरासं. एवढ्यासाठी काय सही करायची?"

बियाण्याच्या कपाटात भाकरी. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यांना तासभर सुनावलं असतं. त्या दिवशी मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, "मावशी, लई चांगलं केलं." त्यांना वाटलं उन्हानं मला काहीतरी झालं.

आता जे राहिलं ते सांगते. डॉक त्या कपाटात होता. आणि तो तिथं मी ठेवला होता.

बसवला त्याच संध्याकाळी मी ठरवलं, एवढी महाग वस्तू, तिच्या मागं दोन वायरी, उंदीर सोडणार नाहीत. आमच्याकडं चांगली वस्तू आली की ती लोखंडी कपाटात जाते. बियाणं, कागद, मावशींचा डबा, सगळं. मी वेल्डिंगवाल्याला बोलावून कपाटाच्या मागं भोक पाडून घेतलं, वायरी लोखंडी पाइपातून पडद्यापर्यंत नेल्या, भोकाच्या कडेनं भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. हवेतून बोलणारी वस्तू मी जाड पत्र्यात कोंडली आणि वर कुलूप लावलं. सरांनीही ते पाहिलं होतं. "बेस्ट केलं मॅडम," असं म्हणालेही होते.

सहा वाजता मी दार उघडलं, बटण दाबलं, लागला. दार लावलं, कडी सरकवली, गेला. दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच. मावशी दाराशी उभ्या राहून उघडायच्या-लावायच्या आणि शेवटी शेवटी हसायला लागल्या.

घरी जाताना एक गोष्ट मनात येऊन गेली, ती लपवत नाही. उद्या कपाट उघडं ठेवायचं, डॉक लावून दाखवायचा आणि गप्प बसायचं. कुणाला कळलं नसतं. पण मग लातूरला कुणीतरी असाच डॉक कपाटात ठेवणार, आणि मी तिथं बसून चक्राकडं बघत राहणार. शिवाय माझी चूक मी माझ्या तोंडानं सांगितली तरच माझ्या नावावर लावलेली दुसरी चूक, मशीन न जमण्याची, मला काढून टाकता येत होती. ती दुसरी चूक मी अंगावर घेणार नव्हते.

घरी पोचताच सरांना फोन केला. "उद्या साडेसातला या. तुमचा लॅपटॉप घेऊन."

"एवढ्या सकाळी? कशाला, मॅडम?"

"फॉरमॅट मारायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मालकांच्या घरी गेले. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते, त्यांच्या बायकोनं मला चहा आणला. मी उभ्यानंच प्यायले.

"ताई, दहाला मी येतोच आहे की."

"दहाला तुम्ही सांगून मोकळे व्हाल. आत्ता चला. अर्ध्या तासात परत याल."

"आंघोळ तरी?"

"यंत्राला चालतं."

त्यांच्या बायको तोंडाला पदर लावून आत गेल्या. मालक चपला घालून निघाले. मी पुढं स्कूटीवर, ते मागं गाडीत.

प्रयोगशाळेत सर आले होते, मावशीही. मी आधी सरांना त्यांचा लॅपटॉप लावायला सांगितला. कपाट बंद होतं. चक्र फिरलं, फिरलं, थांबलं. सरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्यांच्या कानामागं घाम दिसायला लागला.

"मालक, आता तुम्ही कपाट उघडा," मी किल्ली पुढं केली.

त्यांनी दार उघडलं. पडदा लागला. ते कपाटाकडं, मग पडद्याकडं बघत राहिले. दार लावलं, कडी सरकवली. पडदा गेला. मग त्यांना त्यात मजाच वाटायला लागली, चारपाच वेळा त्यांनी उघडझाप केली. त्यानंतर माझा लॅपटॉप. तेच.

"हे कपाटात कुणी ठिवलं?"

"मी."

"आँ?"

"मी ठेवलं. उंदरांसाठी. चूक माझी. शोधलंही मीच, काल संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर. माझा लॅपटॉप चांगला आहे, आणि मला तो चालवता येतो. सर आठ दिवस याच खोलीत होते."

सरांनी आपला लॅपटॉप मिटला. नंतर म्हणाले, "माझ्या डोक्यात आलंच नाही," आणि ते खरं होतं, म्हणून मी तो विषय सोडला.

मी पाइपातून वायरी मागं ओढल्या, डॉक बाहेर काढला, घरून आणलेल्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवला. गरम हवा निघावी म्हणून डब्याला मी रात्रीच तापलेल्या सळईनं बारीक भोकं पाडली होती, उंदराचं नाक जाणार नाही एवढी. डबा कपाटाच्या डोक्यावर ठेवला आणि वायरी पुन्हा त्याच पाइपातून नेऊन जोडल्या. कपाट बंद केलं. पडदा लागला तो लागलाच.

मालक खुर्चीत बसले. "सर, तुम्ही लातूरला मशीन बसवून द्या. चार दिवस," ते म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं. "ताई, कधी जाता?"

"ऑर्डर हातात पडली की."

"अहो, मी शब्द दिला की."

"काल सरांनाही दिलाच होता."

ते हसले, पण मी लॅपटॉप ओढून घेतलाच. त्यांच्यासमोर मोठ्या पडद्यावर नेमणुकीचा कागद टाइप केला, आजची तारीख घातली. पद, जागा, आणि अहवालावर सही करण्याचा अधिकार, हे तिसरं वाक्य स्वतंत्र ओळीत. त्यांनी उभं राहून वाचलं आणि एका ठिकाणी 'सहायक' राहिलं होतं ते बोटानं दाखवलं. जुन्या नमुन्यातून आलं होतं. मी ते पुसलं, छापून घेतलं आणि पेनाचं टोपण काढून त्यांच्या हातात दिलं.