गोजराआत्याने धुतलेला पूल

आमची गोजराआत्या पाटकरीण होती. म्हणजे डोंगराखालच्या बंधाऱ्यातून पाटाला सोडलेलं पाणी कुणाच्या शेतात कधी द्यायचं, ते ती बघायची. नवरा गेला तसं त्याचं फावडं तिनं उचललं. वाटेत नदी. ती ओलांडायला पाटासाठी जुना दगडी कमानींचा पूल होता. माणसं खालून नदीतून जायची आणि पाणी वरून, पुलावरून! तळोज्याकडचे पाहुणे हसायचे, तर आत्या म्हणायची, "तुमच्या पायांना चिखल चालतो रं, माज्या पान्याला नाय."

अठ्ठ्याहत्तर साल असेल. नव्या शहरासाठी जमिनी जात होत्या, तरी पलीकडचे वालाचे, भाजीचे मळे अजून त्या पाण्यावर उभे होते. निरोप आला, नव्या रस्त्याचे साहेब पूल बघायला येणार. ठेवायचा की पाडायचा, ते बघून ठरवणार.

आता मोठा माणूस येणार म्हटल्यावर आमच्याकडे आधी सारवण! आत्यानं आदल्या दिवशीच बंधाऱ्याची फळी टाकून पाट कोरडा केला. शेवाळ खरवडलं, आतून-बाहेरून चुना मारला, वर रांगोळी.

"गोजरे, पुलाचं लगीन लावतंस का काय?" शेजारची विमलबाई म्हणाली.

"लावते. तू करवली हो."

सगळ्या गावानं कौतुक केलं. एकालाही सुचलं नाही हो!

साहेब भला माणूस. चहा घेतला, वर चढून पाटात डोकावला. म्हणाला, "छान राखलाय. पण पाणी बंद झालेलं दिसतंय. चालू असतं तर रस्ता वळवला असता."

"बंद कुठं? मीच अडवलंय! थांबा सायेब, आता सोडते!"

काष्टा खोचून आत्या बंधाऱ्याकडे धावली. आम्हीही साहेबांना थांबा थांबा म्हणालो. पण ऐन वेळी असं सगळेच बोलतात, असं त्यांना वाटलं असावं. पुढची गावं बघायची होती, ते हसून जीपमध्ये बसले.

आत्यानं फळी उचलली. पण पाणी त्याच्याच चालीनं येणार. ते पुलावर पोचलं तेव्हा जीपची धूळसुद्धा खाली बसली होती. कच्चा चुना धुऊन घेत पाणी दुधासारखं पांढरं वाहत होतं. आत्या धापा टाकत आली आणि त्यात हात बुडवून उभी राहिली.

पावसाळ्याआधी पूल पाडला. दगड भरावात गेले.

पुढे आत्या घणसोलीला लेकीकडे राहायची. मी गेलो की लेक लगबगीनं पसारा आवरायला उठायची. आत्या तिचा हात धरायची.

"ऱ्हाऊ दे गो तसाच. घर चालू हाय, ते दिसू दे त्याला."