टिंबवाला र

ही गोष्ट तुम्ही माझ्याकडून ऐकली असेल. लग्नाच्या पंगतीत, मिसळीच्या टेबलावर, गणपतीच्या मांडवात — मी ती हातवारे करून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. पण ऐकलीत ती खोटी. खरी मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

२००६ च्या सुमारास राजारामपुरीत आमचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं. मी वयानं थोरला, म्हणून 'सर'. एका साखर कारखान्याची मराठी साइट आम्ही केली आणि पहिल्याच ओळीत 'शेतकऱ्यांनो'च्या जागी 'शेतकर्यांनो' उमटलं, य च्या डोक्यावर रफार. चेअरमन भडकले. "आमच्या सभासदाच्या डोक्यावर हा विळा कुणी ठेवला?" इथपर्यंत खरं आहे. इथपर्यंत मी फार छान सांगतो.

पुढे मी सांगतो, की मी तीन दिवस डोकं खाजवलं आणि मला सापडलं — साधा र घ्यायचाच नाही, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग संगणक त्याचा रफार करत नाही. केवढीशी गोष्ट. पण तेव्हा आमच्यात ती कुणालाच ठाऊक नव्हती.

ती सापडली सविताला.

सविता शिरोळची. आमच्याकडे दीड वर्ष होती. इकडच्या बऱ्याच मुलींसारखी 'मी जातो, मी करतो' असं पुरुषासारखं बोलायची. शहरात वेब प्रोग्रामिंगवाल्यांची परिषद भरणार होती, पुण्याच्या कंपन्यांची माणसं येणार होती. ती म्हणाली, "सर, ह्यावर मी बोलतो की. वीस मिन्टं तर हाईत." तिला पुण्यात नोकरी हवी होती. नाहीतर घरचे उन्हाळ्यात लग्न उरकणार होते. हे मला माहीत होतं का? — माहीत होतं.

मी काय म्हणालो? "अगं, तुझं बोलणं ऐकून लोक हसतील." अगदी मायेनं म्हणालो.

स्लाइड तिनंच करून दिल्या. बोललो मी. माइक हातात आला की मला काय होतं, तुम्ही पाहिलंय. सभागृह थंड वाटलं, तेव्हा मी — इथं हात अडतो — मी ऑफिसातली एक खेडवळ पोरगी नकलेत उभी केली. "सर, ह्यो र लई वंगाळ हाय, मी पुसून टाकतो." सविताचा आवाज. सविताची मान वेळावायची लकब. लोक खळखळून हसले. ती तिसऱ्या रांगेत होती. हसतील म्हणून जिला खाली बसवलं, तिच्यावर हसवलं कुणी?

चहाच्या वेळी पुण्याचे एक साहेब आले. म्हणाले, "भाषण झकास. पण हे शोधलं कुणी? मला ते माणूस हवंय." सविता हातभर अंतरावर कप घेऊन उभी होती. तिचं नाव तीन अक्षरांचं. मी म्हणालो, "मी शोधलं."

'मी शोधलं' — मराठीत हे वाक्य बाईचं आणि पुरुषाचं सारखंच. तिलाही ते जसंच्या तसं म्हणता आलं असतं. ती कपात बघत राहिली.

आणि मला पुण्याला जायचंच नव्हतं. साहेबांचं नोकरीचं पत्र आलं, मी दोन ओळींत नकार कळवला. पत्र सविताला दाखवलं नाही.

मे महिन्यात तिनं माझ्या टेबलावर पत्रिका ठेवली. "यायला लागतंय, सर." पत्रिका तिनं स्वतः संगणकावर केली होती. 'सोयऱ्याधायऱ्यांसह अगत्य यावे' — दोन्ही ऱ बरोबर.

गेलो. जेवायला बसलो. शेजारच्या पाव्हण्यांनी विचारलं, "काय करता तुम्ही?" — आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती तिथं, तिच्या लग्नाच्या पंगतीत. तिच्या आवाजासकट.